आपल्या मसाल्यातले दगडफूल आणि त्याच्यावर राहणारे पाहुणे

उन्हाळा सुरू झाला की कोल्हापूर परिसरात घरोघरी वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. अंगणात मिरच्या वाळत पडतात, धणे-खोबरे भाजले जाते, डंकावर नंबर लावला जातो. लक्ष्मीपुरीतून आणलेल्या मसाल्याच्या पुड्या ताटात ओतून निवडायला घेतल्या की नागकेशर, बदामफूल, जायपत्री, शहाजिरे यांच्यामध्ये एक वेगळीच वस्तू दिसते. वरून करडी, खालून काळी, चुरगळलेल्या कागदासारखी. हे दगडफूल. आपल्या घरांत त्याला 'पत्थर का फूल' किंवा 'छडीला' म्हणतात. कांदा-लसूण चटणी असो, ईदची बिर्याणी असो की जुम्म्याच्या दिवशीचा दालचा, चिमूटभर दगडफुलाशिवाय मसाल्याला तो खोल, लाकडासारखा वास येत नाही.

निवडताना मात्र हमखास एक शंका येते. याच्यावर हे काळे ठिपके कसले? बुरशी तर लागली नाही ना? मग कोणी ते टाकून देते, कोणी झटकून घेते. या शंकेचे उत्तर शोधायला गेले की अल्लाहच्या कुदरतीचे एक असे दालन उघडते की थक्क व्हावे. कारण दगडफूल हे मुळात फूल नाहीच. त्याचा मुख्य भाग बुरशीचाच असतो. आणि त्या बुरशीच्या अंगावर पुन्हा दुसऱ्या बुरशी राहतात!

दोघांचा संसार

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण शैवाल आणि कवक हे दोन शब्द शिकतो. शैवाल हिरवे असते आणि उन्हात स्वतःचे अन्न तयार करते. कवकाला, म्हणजे बुरशीला, ते जमत नाही; तिला तयार अन्न लागते. दगडफुलात हे दोघे एकत्र राहतात. बुरशी घर बांधते: वरचे छप्पर, खालचा तळ आणि झाडाच्या सालीला धरून ठेवणारे बारीक काळे धागे. छपराच्या लगेच खाली शैवालाच्या सूक्ष्म पेशींचा एक पातळ हिरवा थर असतो. शैवाल साखर तयार करते आणि तिच्यावर दोघांचा गुजारा चालतो. बदल्यात बुरशी त्याला कडक उन्हापासून जपते आणि ओलावा धरून ठेवते. या राहणीला विज्ञानात सहजीवन म्हणतात आणि अशा सजीवाला लायकेन.

ही गोष्ट प्रथम ठामपणे सांगितली स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८६७ साली. त्या काळच्या अनेक नामवंत तज्ज्ञांना ती पटली नाही. एकाच देहात दोन जीव, ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटली. खुद्द श्वेंडेनरनेही बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवले होते. पुढे जर्मन शास्त्रज्ञांनी यासाठी 'सहजीवन' या अर्थाचा शब्द रूढ केला आणि हळूहळू सगळ्यांनी ते मान्य केले.

तरीही हिशेब पूर्ण झालेला नव्हता. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या एका केसाळ लायकेनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना त्याच्या वरच्या सालीत एक तिसरा रहिवासी सापडला. तोही बुरशीच, पण यीस्टच्या रूपातला आणि अगदी वेगळ्या कुळातला. दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही तो कोणाच्या लक्षात आला नव्हता.

अरबीतून लॅटिनमध्ये गेलेले नाव

आपल्या वाचकांना आनंद वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. झाडांवरून दाढीसारख्या लोंबणाऱ्या लायकेनच्या एका प्रजातीला जगभरचे शास्त्रज्ञ 'उस्निया' म्हणतात. हा शब्द अरबी 'उश्ना'वरून आलेला आहे. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या वैद्यकाच्या ग्रंथात औषधी द्रव्यांमध्ये उश्नाची नोंद आहे. युनानी हकीम आजही छडील्याला उश्नाच म्हणतात. संस्कृतात त्याला 'शैलेय' असे नाव आहे. कनौजचे अत्तर करणारे कारागीर 'शमामा' अत्तराच्या मसाल्यात छडीला घालतात. म्हणजे जी वस्तू आपण चटणीत कुटतो, तीच दुसऱ्या शहरात ईदच्या कपड्यांना लावायच्या अत्तरात उतरते.

कुरआनात बनी इस्राईलला मिळालेल्या मन्न आणि सलवाचा उल्लेख आहे. मन्न म्हणजे नेमके काय, यावर मुफस्सिरांची अनेक मते आहेत. वाळवंटात वाऱ्याबरोबर उडत येणारे एक खाण्याजोगे लायकेन तेच असावे, असाही अंदाज काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला होता. हा केवळ अंदाज आहे. खरे अल्लाहलाच ठाऊक. पण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही सहीह संग्रहांतल्या हदीसमध्ये 'कम्आ' मन्नपैकी असल्याचे सांगितले आहे, आणि कम्आ ही जमिनीखाली वाढणारी बुरशीच आहे. बुरशी म्हणजे केवळ सडके, घाणेरडे काहीतरी, ही आपली समजूत किती अपुरी आहे, हे यावरून लक्षात यावे.

एका पुडीत किती जाती?

दुकानदार 'दगडफूल' म्हणून जे देतो ते एकाच जातीचे नसते. त्यात बहुतेक वेळा 'पार्मोट्रेमा' या प्रजातीतल्या तीन-चार जाती मिसळलेल्या असतात. ही पानांसारख्या रुंद, लाटदार पाळ्यांची लायकेन. जगात या प्रजातीच्या सुमारे ३०० जाती आहेत. नाव दगडफूल असले तरी आपल्या पुडीतला माल बहुतांशी झाडांच्या सालीवरून काढलेला असतो.

हातात साधे भिंग असेल तर यांतला फरक मुलांनाही दाखवता येतो. पाळीच्या पाठीवर कोंडा सांडल्यासारखे अगदी बारीक उभे दाणे दिसले आणि कडेला केस नसले, तर ते बहुधा पार्मोट्रेमा टिंक्टोरम. कडा पिठाळ असेल आणि तिच्यावर काळे केस असतील, तर पार्मोट्रेमा पर्लाटम असण्याची शक्यता मोठी. पाठीवर जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर रेटिक्युलाटम. चौथे निलघेरेन्स, त्याचे नाव नीलगिरीच्या डोंगरावरून पडले आहे.

टिंक्टोरम या लॅटिन शब्दाचा अर्थ 'रंगाऱ्यांचे'. त्यात लेकॅनोरिक आम्ल असते. पाळीची वरची साल नखाने खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर फरशी पुसायच्या ब्लीचचा एक थेंब टाकला की तो भाग लाल होतो. पर्लाटमवर असा लाल रंग येत नाही. हा प्रयोग मोठ्यांनी हातमोजे घालून करावा आणि तो तुकडा नंतर कचऱ्यात टाकावा. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदसुद्धा मूळचा लायकेनच्याच रंगातून आलेला आहे. ज्या लिटमसने मुले आम्ल आणि आम्लारी ओळखतात, तो दगडफुलाचा नातेवाईक आहे हे त्यांना सांगून पाहा.

काळे ठिपके कोणाचे?

आता मूळ शंकेकडे येऊ. दगडफुलावर दिसणारे सगळेच काळे काही बाहेरचे नसते. खालची बाजू काळी असते, ती तशीच असायला हवी. कडेचे काळे केस त्याचे स्वतःचे. पाठीवर, विशेषतः कडांजवळ, टाचणीने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके असतात, तेही पुष्कळदा त्याचेच अवयव असतात. कधी तपकिरी वाट्या दिसतात, त्यांतल्या काहींना मध्यभागी भोक असते. ही त्या बुरशीची बीजाणू तयार करण्याची जागा. पार्मोट्रेमा हे नावच ग्रीक भाषेतल्या वाटी आणि भोक या अर्थाच्या शब्दांवरून तयार झाले आहे.

पण काही ठिपके खरोखर पाहुण्यांचे असतात. लायकेनवरच राहणाऱ्या बुरशींचा एक मोठा गट आहे. २०१८ साली त्यांची जागतिक यादी प्रसिद्ध झाली. लायकेनशिवाय ज्यांचे जगणेच नाही अशा सुमारे २००० जाती तीत नोंदलेल्या आहेत. पार्मोट्रेमावर त्यांतल्या अनेक सापडतात. 'अ‍ॅब्रोथॅलस' नावाची बुरशी पाळीवर मोहरीपेक्षाही लहान, काळ्या, फुगीर गाद्यांसारखी दिसते. 'ट्रेमेला पार्मेलियारम' गाठीसारखी वर येते. चिनी जेवणात सूप आणि गोड पदार्थांत घालतात ती पांढरी, फुलासारखी बुरशी हिचीच बहीण. 'लायकेनोकोनियम'च्या काही जातींनी पाळीचा भाग पांढुरका पडून मरतो आणि त्यावर काळे सूक्ष्म दाणे उठतात.

पाहुणेही नाना तऱ्हेचे

हे पाहुणे सगळे सारखे वागत नाहीत. काही जण नुसते राहतात. लायकेनच्या शैवालाने केलेल्या साखरेतला थोडा वाटा घेतात, पण घराला धक्का लावत नाहीत. काही फक्त गाठ आणतात, बाकी पाळी निरोगी राहते. काही मात्र खरे परजीवी. ते पाळीला पोखरतात, आणि ती फिकी पडून गळून जाते. काही बुरशी तर लायकेनच्या आत, बाहेर कसलीही खूण न दाखवता राहतात. तुकडा धुऊन, प्रयोगशाळेत पोषक द्रव्यावर ठेवला की त्या उगवून येतात आणि तेव्हाच त्यांचा पत्ता लागतो.

डिप्लोशिस्टिस मस्कोरम या लायकेनची कथा तर एखाद्या चतुर भाडेकरूसारखी आहे. ते आधी क्लॅडोनिया नावाच्या दुसऱ्या लायकेनवर वाढू लागते, त्याच्या घरातले शैवाल वापरते, हळूहळू त्याला गिळून टाकते आणि मग स्वतःचे वेगळे शैवाल मिळवून स्वतंत्र संसार थाटते.

यजमानही अगदीच निराधार नसतो. लायकेन जी कडवट आम्ले तयार करतात, ती किडे आणि बुरशी यांना दूर ठेवतात. आपल्या टिंक्टोरममध्ये असते ते लेकॅनोरिक आम्ल हे असेच एक हत्यार. पण त्यालाही तोड निघते. लेकॅनोरिक आम्ल मोडून टाकणारी बुरशी संशोधकांना दुसऱ्या एका लायकेनवर सापडली. तिने कुंपण पाडले की ज्या दुबळ्या बुरशींना एरवी आत जाता येत नव्हते, त्यांनाही वाट मिळते.

महाराष्ट्रात लायकेनच्या अभ्यासाची मोठी परंपरा पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी सह्याद्रीतली लायकेन गोळा केली, नव्या जातींचे वर्णन केले आणि त्यांचे नमुने जपून ठेवले. लखनौचे डी. डी. अवस्थी यांना तर भारतीय लायकेनशास्त्राचे जनक मानतात. त्या मानाने लायकेनवरच्या बुरशींकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष गेले. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात एखाद्या पाळीवर अजून नाव न मिळालेली बुरशी बसलेली असेल, यात नवल नाही. विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी हे मोकळे मैदान आहे.

हवेचा हिशेब ठेवणारा

दगडफुलाला मूळ नसते. त्याचे धागे झाडाला फक्त धरून ठेवतात, झाडातून काही ओढून घेत नाहीत. आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर लायकेन दिसले की झाडाला रोग लागला असे समजून काही शेतकरी ते खरवडून काढतात. त्याची गरज नसते. झाड आधीच वठत चालले असेल तर उघड्या फांद्यांवर ऊन जास्त मिळते आणि लायकेन वाढते. झाडाच्या वठण्याचे कारण वेगळेच असते.

मूळ नसल्यामुळे पाणी आणि क्षार सगळे पावसातून, धुक्यातून आणि हवेतल्या धुळीतून येतात. हवेत जे असेल ते त्याच्या अंगात साठत जाते. १८६६ साली विल्यम निलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये पाहिले की शहरातल्या एका मोठ्या बागेत जी लायकेन होती, ती इतर भागांतून नाहीशी झाली होती. गंधकाचा धूर त्यांना सोसत नाही. तेव्हापासून हवा किती स्वच्छ आहे हे पाहायला लायकेनचा उपयोग होतो. १९८६ साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला, तेव्हा शेकडो मैल दूर उत्तर युरोपातल्या लायकेनमध्ये किरणोत्सारी सीझियम साठले. ते खाणाऱ्या रेनडियरच्या मांसातही ते उतरले आणि सामी लोकांचा व्यवसाय अडचणीत आला.

यातून आपल्यासाठी साधा धडा आहे. महामार्गाकडेच्या किंवा कारखान्याजवळच्या झाडावरचे लायकेन कधीही खाण्यासाठी काढू नये. शिसे आणि इतर जड धातू त्यात साठलेले असू शकतात. जंगलातलेही अनोळखी लायकेन तोंडात घालू नये. युरोपात एका पिवळ्या लायकेनचा उपयोग लांडग्यांना मारायच्या विषासाठी होत असे.

औषधाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. छडीला युनानीत औषध म्हणून वापरला जातो, तो जाणत्या हकिमाच्या सल्ल्याने आणि मापाने. उस्नियात सापडणाऱ्या उस्निक आम्लाचा क्षार घातलेल्या, वजन कमी करण्याच्या एका गोळीमुळे यकृताला इजा झाल्याचे प्रकार घडले. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तिच्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. चटणीतली चिमूट वेगळी आणि रोज घ्यायची गोळी वेगळी.

हळू वाढणारी निअमत

दगडफूल स्वस्त वाटते, कारण एका घराला ते फार थोडे लागते. पण ते शेतात पिकत नाही. सगळे जंगलातून येते: हिमालयाच्या उतारांवरून, नीलगिरी आणि दक्षिणेतल्या डोंगरांवरून, काही सह्याद्रीतून. अशा पानांसारख्या लायकेनची वाढ वर्षाला मिलिमीटरात मोजावी लागते; फार जोमाने वाढले तर सेंटीमीटरभर. तळहाताएवढी पाळी व्हायला कित्येक पावसाळे जातात. आणि ती झाडावरून ओरबाडली जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिचे पाहुणे, तिच्यात लपलेले किडे-कोळी आणि पुढच्या पिढीचे दाणेही जातात.

उत्तराखंडात लायकेनला 'झूला' म्हणतात. तिथे डोंगराळ गावांतल्या गरीब कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात. त्याच राज्याच्या वनविभागाने २०२० साली मुनस्यारी इथे देशातले पहिले लायकेन उद्यान उभे केले. गळून पडलेल्या फांद्यांवरचे लायकेन गोळा करणे आणि उभ्या झाडावरचे सोडून देणे, हा यातला सर्वांत सोपा आणि योग्य मार्ग आहे. आपल्या जिल्ह्यातले राधानगरी अभयारण्य १९५८ साली घोषित झाले. हे राज्यातले पहिले अभयारण्य, आणि २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तिथून दगडफूल काढायला कायद्याने बंदी आहे. सहलीला गेल्यावर मुलांनी कुतूहलाने एखादा तुकडा सोलला तर त्यांना थांबवावे आणि का ते सांगावे. इस्राफ म्हणजे ताटात टाकलेले अन्न एवढेच आपण धरतो. जी निअमत तयार व्हायला दहा-वीस वर्षे लागतात, ती बेपर्वाईने उधळणेही इस्राफच आहे.

घरासाठी काही सूचना

दगडफूल घेताना शक्यतो अख्ख्या पाळ्यांचे घ्यावे, चुऱ्याचे नको. चुऱ्यात माती, साल आणि इतर भेसळ सहज लपते. हातात घेतल्यावर ते कुरकुरीत कोरडे असावे. खालची बाजू काळी आणि वरची राखाडी, हिरवट करडी किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक.

घट्ट चिकटलेले बारीक काळे ठिपके किंवा टणक गाठी झाडावर असतानाच्या असतात. ते पाळीचे अवयव असतील किंवा जंगलातले पाहुणे. तेवढ्यासाठी माल टाकून देण्याचे कारण नाही. मात्र बोटाने पुसली जाणारी पांढरी, हिरवी किंवा पिवळसर लव, कुबट वास आणि ओलसर, लिबलिबीत स्पर्श ही साठवणीत लागलेल्या बुरशीची लक्षणे आहेत. ही बुरशी वेगळी. तिच्या काही जाती अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही. असे दगडफूल कितीही महाग घेतलेले असले तरी टाकून द्यावे. सालीचे तुकडे आणि काड्या निवडून काढाव्यात, पाळ्या झटकून एकदा उन्हात वाळवाव्यात आणि मंद आचेवर थोड्या तेलात परतून मगच कुटाव्यात. दगडफुलाचा खरा वास गरम तेलातच सुटतो. उरलेले हवाबंद काचेच्या बरणीत ठेवावे आणि एका हंगामाला लागेल तेवढेच आणावे.

पावसाळा सुरू झाला की मुलांना घेऊन एक अभ्यास करता येईल. शहरातल्या गर्दीच्या रस्त्यावरची पाच झाडे आणि पन्हाळ्यासारख्या ठिकाणची पाच झाडे निवडा. प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला एक वीत चौकोन कल्पून त्यात किती प्रकारची लायकेन दिसतात ते वहीत लिहा. पानांसारखी किती, सालीला चिकटलेल्या रंगाच्या डागांसारखी किती. भिंगातून पाळ्यांवरचे ठिपके पाहा आणि त्यांचे चित्र काढा. काहीही तोडू नका. दरवर्षी त्याच झाडांकडे पुन्हा जा. चार-पाच वर्षांच्या नोंदींनंतर आपल्या गावची हवा सुधारते आहे की बिघडते आहे, हे मुलांना त्यांच्याच वहीतून समजेल.